शेजाऱ्याचे रातांबे, घरचा धंदा: आधी भाव ठरवा, मग साल फोडा

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यात दीड एकर जमीन, भात-नाचणी, घराभोवती आंबा-फणस आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाची, पाच-सहा मोठी झाडं. तुम्ही विरारची नोकरी सोडून गावी आलात, पत्नी आणि आई आधीपासून गावीच आहेत. शेजारच्या तीन घरांपैकी दोन कुलूपबंद, एकात वयस्क जोडपं. त्यांचे रातांबे दरवर्षी झाडाखालीच सडतात आणि ते म्हणतात, "न्या हो, रातांब्यांचे कसले पैसे!" तर हे रातांबे घेऊन आमसूल, आगळ (मिठात मुरवलेला अर्क), सरबत करून विकावं का, शेजाऱ्यांना काय द्यावं, मनुष्यबळ सावडीवर, म्हणजे दिवसाच्या बदल्यात दिवस काम करून, भागेल का, आणि कर्ज काढून युनिट टाकावं का?

मी राजापूर तालुक्यात हाच उद्योग घरातून करते. आमच्या खळ्यात मे महिनाभर पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे रातांब्यापेक्षा आधी शेजाऱ्यांबद्दल लिहिते, कारण हा धंदा बुरशीने जितका बुडतो त्याहून जास्त रुसव्याफुगव्यांनी बुडतो.

"न्या हो" हे तुमच्या घरच्या बरणीसाठी म्हटलेलं आहे. चार किलो आमसूल घरात लागतं, दोन बाटल्या आगळ लागतं, तेवढं नेलं तर कोणी काही म्हणणार नाही आणि पैसे देऊ केले तर उलट वाईट वाटेल. पण विकायला न्यायचं ठरलं की ती वस्तू बदलली. पहिल्या वर्षी कुणी बोलत नाही. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांची सून दादरला कुठल्यातरी प्रदर्शनात तुमच्या नावाची बाटली बघते, किंमत वाचते आणि घरी फोन करते. तिसऱ्या वर्षी वाडीत ऐकू येतं, "आमच्या रातांब्यांवर यांनी फ्रीज घेतला." यात शेजारी वाईट नाहीत. त्यांनी दिलं तेव्हा त्याची किंमत शून्य होती, तुम्ही ती वाढवलीत, आणि वाढलेल्यात आपलं काहीतरी असावं असं कुणालाही वाटणारच. म्हणून पहिल्याच वर्षी, एकही बाटली विकली गेलेली नसताना, भाव ठरवा. ते नको म्हणाले तरी ठरवा.

भाव ठरवताना एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या: रातांबे वेचणार कोण? झाडाखालचा पातेरा झाडून ठेवायचा, रोज सकाळी वेचायचे, वरचे काढायचे, फुटके-किडके बाजूला करायचे, यात बरीच मेहनत आहे. शेजाऱ्यांनी वेचून पाटी तुमच्या खळ्यात आणून दिली तर भाव वेगळा, तुम्ही जाऊन वेचलेत तर वेगळा. आमच्याकडे साधारण निम्म्याचा फरक धरतात. समजा आणून दिलेल्याचा भाव किलोला वीस रुपये ठरला, तर स्वतः वेचलेल्याचा दहा धरा. वयस्क जोडप्याला रोज पैसे घ्यायला संकोच वाटतो. त्यांच्यासाठी मालाच्या रूपात वाटा द्या. सात-आठ किलो रातांब्यांतून जेमतेम किलोभर आमसूल पडतं. तुम्ही वेचत असाल तर चाळीस किलोमागे एक किलो तयार, चांगलं काळंभोर आमसूल त्यांच्या घरी पोचवायचं. मुलगा गणपतीला येईल तेव्हा त्याच्या पिशवीत ते जाईल, आणि ते "आमच्या झाडाचं" म्हणूनच जाईल. रोख पैशांपेक्षा याचा परिणाम जास्त होतो, हे मी खात्रीने सांगते. वाटा मात्र पहिल्या प्रतीचा द्या. शेवटच्या घाण्यातलं, पावसात अर्धवट राहिलेलं आमसूल शेजाऱ्याच्या माथी मारणारे लोक आहेत. ते वाडीत कळतंच.

कुलूपबंद घरांची गोष्ट जरा नाजूक आहे. कोकणात सातबारा म्हणजे वरातीची यादी. एका झाडावर चुलत्यांचा, पुतण्यांचा, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचा हक्क असतो आणि त्यातला एकच जण तुमच्याशी फोनवर बोलत असतो. त्या एकाने हो म्हटलं म्हणजे भावकीने हो म्हटलं असं होत नाही. मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा त्यांच्यातल्या निदान दोघा-तिघांच्या कानावर समक्ष घाला, आणि एका साध्या वहीत लिहून ठेवा: कुठली झाडं, किती वर्षांसाठी, काय भाव, पैसे कुणाच्या हातात द्यायचे. स्टॅम्पपेपर नको, त्याने माणसं बिचकतात. वहीवर दोन्हीकडच्या सह्या पुरेत. आणि करार फळापुरता आहे, झाडापुरता नाही, हेही लिहा. उद्या त्यांनी झाड तोडलं किंवा जमीन विकली तर तुमची तक्रार असायला नको. बांधावरच्या झाडाचे दोन्ही बाजूंना मालक असतात, तिथे दोघांनाही विचारा.

आता सावडीबद्दल. लावणीच्या दिवसांत आमची वाडी अजून सावडीवर चालते. आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या. त्यामुळे रातांबे फोडायलाही बायका सावडीवर येतील का, हा विचार मनात येणं साहजिक आहे. येतील, पण सावधपणे. लावणीचा दिवस म्हणजे गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस आणि वाकलेली कंबर. रातांबे फोडणं म्हणजे पडवीत बसून गप्पा मारत काम. तुम्ही मे महिन्यात चौघींचा एकेक दिवस घेतलात आणि जुलैत लावणीला एकेक दिवस देऊन फेडलात, तर तुमचं नुकसान. तुम्ही जुलैत दिलेला दिवस त्यांनी मेमध्ये फेडला, तरी फायदा त्यांचाच. वाडीत हे सगळ्यांना कळतं, फक्त तोंडाने कुणी बोलत नाही. दुसरी अडचण अशी की रातांब्यांचा हंगाम आणि भाजावळ (रोपांसाठी जमीन भाजणं), लाकडं भरणं, घरावरची कौलं चाळणं, लग्नं ही सगळी एकाच महिन्यात येतात. मे महिन्यातला शेजाऱ्याचा दिवस मोकळा नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: शेतीची सावड शेतीतच फेडायची आणि धंद्याच्या कामाला रोख मजुरी द्यायची. फोडण्याचं काम दिवसावर न देता किलोवर द्या. मग ज्या बाईला घरचं आवरून दुपारी दोन तासच येता येतं, तिलाही ते जमतं. संध्याकाळी वजन करून त्याच दिवशी पैसे द्या. "हंगाम संपला की बघू" असं म्हणू नका. फोडायला बसणाऱ्या बायकांना आंबटाने हात चरचरतात, बोटं काळी पडतात, नखांत आठवडाभर रंग राहतो. रबरी हातमोजे आणून ठेवा, पण बहुतेकजणी ते घालणार नाहीत. खोबरेल तेलाची वाटी मध्ये ठेवली तर ती मात्र वापरतील.

एक अपवाद करा. वर्षातला पहिला घाणा असतो त्या दिवशी सगळ्या शेजारणींना बोलवा, जेवण घाला, सोलकढी पाजा, त्या दिवसाचे पैसे कुणीच धरत नाही. तो एक दिवस शेजारधर्माचा. त्यानंतर वही.

आता मालाकडे वळते, कारण तुम्ही तीन पदार्थ एका दमात लिहिलेत आणि तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. एकाच रातांब्यातून भरपूर आमसूल, भरपूर आगळ आणि भरपूर सरबत निघत नाही. आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. रातांबा धुऊन, पुसून, फोडून साल वेगळी करायची. आतला गर आणि बिया दुसऱ्या पिंपात घालून किलोला साधारण शंभर ग्रॅम मीठ लावायचं. काही तासांत त्याला लालभडक रस सुटतो. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, रात्रभर मुरू द्यायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. पाच-सहा पुटं दिली की लाल साल जांभळी, मग काळी होते आणि तिला वजन येतं. हा रस तुम्ही बाटलीत भरून आगळ म्हणून विकलात, तर साल कोरडी, पातळ, तपकिरी राहते. दिसायला आमसूल, आमटीत टाकलं तर दुप्पट लागतं. मुंबईचा जुना व्यापारी मूठभर उचलून, दाबून, वासावरूनच ओळखतो की रस काढून घेतलेला आहे.

तेव्हा पहिल्या वर्षी ठरवून टाका: कुठल्या झाडाचा माल कशाला. मोठ्या फळांची, जाड सालीची झाडं आमसूल आणि सरबताला. बारीक, रसाळ आणि जास्त आंबट फळं आगळाला. सरबताला एक किलो सालीला दोन किलो साखर थराथराने घालून झाकायचं, रोज ढवळायचं, आठवड्याभरात साखर विरघळून पाक होतो. मग गाळायचं, जिरं, मीठ. आगळ म्हणजे साल आणि रस मिठात मुरवून काढलेला अर्क, मिठाचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास. त्याखाली गेलात तर ते टिकत नाही.

वाळवण्याची जागा हीच तुमची खरी क्षमता आहे, किती रातांबे मिळतात ती नव्हे. खळ्यात ताडपत्री टाकून साली पसरल्या की कोंबड्या, कुत्री, धूळ, वानरं सगळे हजर. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर जाळीच्या चौकटी करा, लाकडी चौकट आणि खाण्याच्या दर्जाची प्लास्टिक जाळी. लोखंडी जाळी अजिबात नको. आंबट आणि मीठ मिळून लोखंड खातं, आणि ॲल्युमिनियमची पातेलीसुद्धा. पिंपं अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकची, मुरवायला चिनी मातीच्या बरण्या किंवा काच. पुटाच्या रसात घरातलं कुठलंही पातेलं बुडवायचं नाही, हे आईंना माहीतच असेल, तुम्ही लक्षात ठेवा.

आमसूल तयार झालं की नाही हे कसं ओळखायचं? एक साल घेऊन दुमडा. ती वाकली पाहिजे, मोडता कामा नये. मग अंगठ्याने जोरात दाबा. बोटाला ओल लागली तर अजून एक ऊन. मऊ आहे म्हणून भरून टाकलं की जुलैत पिशवीच्या आत पाणी सुटतं, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. भरताना जाड पिशवी, त्यावर हवाबंद डबा, आणि डबे जमिनीवर न ठेवता फळीवर. सरबत आणि आगळाच्या बाटल्या उजेडात ठेवू नका. हा लाल रंग नैसर्गिक आहे, ऊन आणि उष्णतेने तो विटका, तपकिरी होत जातो. माल नासलेला नसतो, पण गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून बरेच जण रंग घालतात. तुम्ही घालू नका, आणि "रंग घातलेला नाही" हे लेबलवर ठळक लिहा. तुमच्यासारख्या छोट्याकडून माल घेण्याचं तेच एक कारण असतं.

हंगाम किती? एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे कागदावर सात-साडेसात आठवडे. २०२५ साली मॉन्सून २५ मेलाच कोकणात उतरला आणि झाडावर रातांबे लाल होऊन लटकत असताना खळी धुऊन निघाली. पावसात भिजलेल्या फळाला बुरशी धरते, त्याचं आमसूल होत नाही. अशा वेळी सरबत वाचवतं, कारण सालीला ऊन लागत नाही, साखर लागते. घरात आणि पिंपात जागा असेल तर शेवटच्या आठवड्यातला सगळा माल सरबताकडे वळवायचा. त्यासाठी साखरेचं पोतं आणि बाटल्या मे महिन्याच्या मध्यालाच घरात हव्यात. पाऊस लागल्यावर राजापूर-लांज्याच्या बाजारात बाटल्या शोधत फिरणारी माणसं मी दरवर्षी बघते.

सरबताची बाटली फुगते, झाकण उडतं, ही तक्रार सगळ्यांची. कारण बहुतेक वेळा एकच: साखर कमी पडली किंवा बाटली ओली होती. सरबताच्या पाकात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण निदान ६५ टक्के असलं पाहिजे. सरकारी मानकही तेच सांगतं. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर हजार-दोन हजारांत येतो, एक थेंब टाकला की आकडा दिसतो. गावात अनेकजणी बोटाने तार बघून ठरवतात. घरच्यासाठी ठीक आहे, पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी नाही. प्रत्येक घाण्याला नंबर द्या, बाटलीवर तो लिहा, आणि प्रत्येक घाण्यातली एक बाटली स्वतःकडे माळ्यावर ठेवा. तक्रार आली की ती काढून बघायची.

पैशांचं गणित एका किलो आमसुलाचं मांडून दाखवते. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बाजाराप्रमाणे बदला. आठ किलो रातांबे, आणून दिलेले, वीस रुपयांनी १६० रुपये. फोडणं, आठवडाभर घालणं-काढणं, पुटं देणं याची मजुरी, घरच्या माणसांची धरून, १२० रुपये. मीठ, पिशवी, लेबल २० रुपये. चौकटी-पिंपांची झीज आणि खराब जाणारा माल मिळून ३० रुपये. म्हणजे ३३० रुपयांना घरात पडलं. व्यापारी दारात येऊन ३०० देतो असं म्हणाला, तर तो तुम्हाला लुबाडतोय असं नाही. तुम्ही घरच्या मजुरीचे १२० रुपये धरले नसते, तर तुम्हाला त्यात ९० रुपये फायदा दिसला असता. बहुतेक घरगुती उद्योग याच खोट्या फायद्यावर चालतात आणि मग एके दिवशी घरातली बाई म्हणते, मला जमत नाही.

या मुद्द्यावर थोडं थांबते. तुमच्या पत्रात "आम्ही दोघं आणि आई मिळून करू" असं आहे. त्यात आईचं वय किती, गुडघे कसे, आणि मे महिन्यात पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करणार, हे नाही. चाकरमान्यांची रीघ आणि रातांब्यांची रास एकाच वेळी घरात असते. जे काम आई आणि तुमच्या पत्नी करतील, त्याची मजुरी बाहेरच्या बाईइतकीच वहीत लिहा आणि हंगाम संपला की ती त्यांच्या खात्यात जमा करा, स्वतःच्या नव्हे. धंद्याचं खातं वेगळं उघडा, शक्यतो पत्नीच्या नावाने, कारण बचतगटातून जे काही मिळतं ते बाईच्या नावावरच मिळतं. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचतगटात त्या नसतील तर आधी तिथे जाऊ द्या. गटाचं कर्ज छोटं असतं, पण मे महिन्यात रोजची मजुरी आणि साखर यांसाठी तेवढंच लागतं, आणि सरससारख्या प्रदर्शनात जागाही गटामार्फत मिळू शकते. तुम्ही काय करायचं? झाडावर चढायचं, वजनं करायची, डबे उचलायचे, एसटीला पार्सल टाकायचं, आणि वही लिहायची. मुंबईहून आलेल्या पुरुषांना "मार्केटिंग मी बघतो" म्हणायची सवय असते. पहिली दोन वर्षं मार्केटिंग करण्याइतका मालच नसतो.

कर्जाबद्दल तुम्ही खास विचारलंय. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान ठेवलेलं आहे, पण ते कर्जाशी जोडलेलं आहे आणि निदान १० टक्के रक्कम आपली घालावी लागते. म्हणजे अनुदान हवं तर आधी कर्ज घ्यावं लागतं. सध्या अर्ज घेताहेत का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी एकही मशिन घेऊ नका. गर काढायचं यंत्र, बाटल्या भरायचं यंत्र, सील मारायचं यंत्र हे सगळं सहा आठवडे चालणार आणि दहा महिने पडवीत धूळ खाणार, हप्ता मात्र बारा महिने. एकच गोष्ट लवकर घेण्यासारखी आहे, ती म्हणजे सौर वाळवणी, पारदर्शक शीट लावलेली. ढगाळ दिवसांत ती एक-दोन दिवस वाचवते आणि आमसूल नसेल तेव्हा कामाला येते.

कारण धंदा टिकायचा असेल तर तो मे महिन्याबाहेर न्यावा लागतो. ही चूक कोकणात सर्रास दिसते: कोकम, फणसपोळी, आंबापोळी, करवंदाचं लोणचं, सगळं एकाच महिन्यात धरायचं आणि चारही अर्धवट करायचं. त्याऐवजी तुमच्या जमिनीत नाचणी आहेच, ती दिवाळीच्या आसपास घरात येते, तिचं सत्त्व किंवा मोड आणून केलेलं पीठ हिवाळ्यात निघतं. भातानंतर कुळीथ टाका, त्याचं पीठ जानेवारी-फेब्रुवारीनंतर. कुळीथ भाजून भरडायला मोठं भांडवल लागत नाही आणि मुंबईच्या कोकणी माणसाला पिठीची जी आठवण येते ती सरबताची येत नाही. मे महिन्यात फक्त रातांबा. फणस शेजाऱ्याला द्या.

परवान्याचं काम कठीण नाही, फक्त आधी करायचं. छोट्या घरगुती उत्पादकाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मूळ नोंदणी लागते, वर्षाला शंभर रुपये फी, अर्ज ऑनलाइन. चौदा अंकी नंबर मिळतो, तो लेबलवर आलाच पाहिजे. शिवाय घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, घाण्याचा नंबर, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, पूर्ण पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण म्हणून ते चिन्ह आपल्या बाटलीवर छापता येत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते. आणि कृपा करून "वजन कमी करते", "पित्तावर रामबाण" असं काही छापू नका. मोठ्या लोकांचं बघून छापतात आणि नोटीस छोट्यांना येते.

विक्रीसाठी पहिलं गिऱ्हाईक शोधायला लांब जाऊ नका, ते मे महिन्यात आणि गणपतीत तुमच्याच दारात येतं. त्यांच्यातल्या निम्म्यांना वाटणार की गावचं आहे तर फुकट मिळावं. नात्यातल्या प्रत्येक घराला एक छोटी बाटली आपणहून द्या, त्यावर किंमत छापलेली असू द्या, आणि दुसऱ्या बाटलीपासून पैसे घ्या. याने वाईटपणा येत नाही. महामार्गावरच्या खानावळींना आगळ लागतंच, पण ते उधारीवर मागतात. महिन्याच्या वर उधारी चढू देऊ नका. काचेच्या बाटल्या खासगी बसने पाठवायच्या तर खोक्यात भाताचा पेंढा भरा, पुठ्ठ्यापेक्षा तो बरा.

झाडं वाढवायची असतील तर बी रुजवून लावलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, आणि ते फुलायला लागेपर्यंत कळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जातींची कलमं घ्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणात दहा गुंठ्यांपासून अनुदान आहे. पण ही झाडं फळाला यायला चार-पाच वर्षं जातील, त्यामुळे शेजाऱ्यांशी केलेली वही निदान तेवढ्या काळासाठी असू द्या.

राहिल्या बिया. पुटं संपली की पिंपाच्या तळाशी त्या उरतात. कुणी खतात टाकतं. धुऊन कडक वाळवा, पोत्यात भरा. त्यांच्या तेलाला साबण-सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात मागणी असते आणि पावसाच्या तोंडावर व्यापारी वाडीवाडीतून गोळा करत फिरतो. त्यातल्या दोन किलो घरात ठेवून कुटा, पाण्यात उकळा, वर तरंगणारं तूप काढून त्याचा गोळा वळा. लावणीनंतर भेगाळलेल्या टाचांना तेच लागतं, शेजारणींनाही एकेक गोळा द्या. बाकीच्या बिया विकताना वजनकाटा तुमचा ठेवा, व्यापाऱ्याचा नको, आणि शेजाऱ्यांच्या रातांब्यांच्या बियांचे पैसे कुणाचे हे त्या वहीत आधीच लिहिलेलं असू द्या. आमच्याकडे ते फोडणाऱ्या बायकांना वाटून टाकतात.